शिळ्या पावाचा गोड अवतार

'शिळ्या कढीला ऊत' हा वाक्प्रचार मराठीत कौतुकाने कधीच वापरला जात नाही. प्रत्यक्ष स्वयंपाकघरात मात्र शिळ्या अन्नाला मराठी घरांनी कमी लेखलेले नाही. रात्री उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा सकाळी फोडणीत पडतो, उरलेल्या भाताला फोडणी मिळते आणि पोळ्या जास्तच राहिल्या तर गूळ-तूप घालून त्यांचे लाडू वळले जातात. पाव तेवढा या शिस्तीतून सुटला. तो बेकरीतून विकत येतो, त्यामुळे घरच्या पोळीबद्दल असते तशी आपुलकी त्याच्या वाट्याला आली नाही. शिवाय उरलेल्या पावाचे काय करावे, याचे पिढीजात शास्त्रही बहुतेक घरांत नाही.

शहरातील लहान कुटुंबात ब्रेडचे पूर्ण पाकीट क्वचितच वेळेत संपते. मधले काप सँडविचमध्ये जातात, दोन्ही टोकांचे काप पाकिटात तसेच राहतात आणि पावभाजीच्या दिवशी आणलेल्या लादीतील दोन-चार पाव दुसऱ्या दिवशी कोणाला नको असतात. अशा पावाबाबत दोन प्रकारच्या चुका होतात. काही घरांत तो केवळ कडक झाला म्हणून कचऱ्यात जातो. काही घरांत याच्या उलट, बुरशीचा ठिपका तेवढा काढून उरलेला पाव 'तळल्यावर काही होत नाही' या भरवशावर वापरला जातो. पहिल्या चुकीत अन्नाची नासाडी आहे, दुसरीत आरोग्याला धोका. शिळ्या पावापासून गोड तळणीचे पदार्थ करण्याची परंपरा जगात शेकडो वर्षांची आहे. तिचे मर्म शिळे आणि खराब यांतील फरक ओळखण्यात आहे.

पाव शिळा होतो म्हणजे काय?

पावातील पाणी उडून गेले की तो शिळा होतो, हा समज सर्वसाधारण आहे. तो अपुरा आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जाँ-बाप्तिस्त बूसँगो याने १८५२ मध्येच दाखवून दिले होते, की ओलावा बाहेर जाऊ न देता ठेवलेला पावही शिळा होतो. याचे खरे कारण पिष्टमय पदार्थात, म्हणजे स्टार्चमध्ये आहे. भट्टीत पाव भाजला जात असताना मैद्यातील स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि मऊ होतात. पाव थंड होऊ लागला की स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांजवळ येऊन घट्ट, स्फटिकासारखी रचना धारण करू लागतात. स्टार्चमधील अमायलोज हा घटक काही तासांतच घट्ट होतो. अमायलोपेक्टिन हा दुसरा घटक सावकाश, काही दिवसांत घट्ट होत जातो. पावाचा कडकपणा दिवसागणिक वाढतो तो यामुळे.

शिळा पाव तव्यावर गरम केला की थोडा वेळ पुन्हा मऊ होतो, यामागेही हेच कारण आहे. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे ही घट्ट रचना बरीचशी सैल होते. पाव गार झाला की ती पुन्हा जमू लागते.

फ्रीजचा यातील वाटा अनेकांना चकित करील. स्टार्च घट्ट होण्याची क्रिया फ्रीजमधील तापमानाला, म्हणजे ४ अंशांच्या आसपास, सर्वाधिक वेगाने होते. पाव मऊ राहावा म्हणून तो फ्रीजमध्ये ठेवणे हे म्हणूनच उलटे काम आहे. तेथे बुरशी उशिरा येते हे खरे, पण पाव लवकर शिळा होतो. मऊपणा टिकवायचा असेल तर काप वेगवेगळे करून हवाबंद पिशवीत घालावेत आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत. गोठलेल्या अवस्थेत ही क्रिया जवळजवळ थांबते. गोड पदार्थासाठी पाव राखून ठेवायचा असेल तर मात्र फ्रीजमधील साधा कप्पाच सोयीचा. तेथे पाव शिळा होतो आणि खराब होत नाही. या पदार्थाला नेमके तेच हवे असते.

ताजा पाव दुधात बुडवला की त्याचा लगदा होतो. त्याच्या मऊ भिंती ओलाव्याने विरघळल्यासारख्या होतात, काप उचलताना तुटतो आणि कढईत त्याचे तुकडे पसरतात. शिळ्या पावाच्या भिंती ताठ झालेल्या असतात. दूध त्यातील पोकळ्यांत शिरते, पण आकार मोडत नाही. त्यामुळे या पदार्थासाठी शिळा पाव ही केवळ गरिबीची तडजोड नव्हे. या कामाला तो ताज्या पावापेक्षा सरस आहे.

शिळा वेगळा, खराब वेगळा

शिळा पाव कोरडा, कडक आणि चिवट असतो, पण त्याचा रंग व वास मूळचाच राहतो. खराब पावाची लक्षणे वेगळी आहेत. हिरवट, निळसर, काळे किंवा पांढरे लोकरीसारखे ठिपके ही बुरशीची उघड खूण होय. डोळ्यांना दिसतो तो बुरशीचा केवळ वरचा भाग असतो. तिचे बारीक तंतू सच्छिद्र पावात खोलवर पसरलेले असतात. म्हणून ठिपका कापून उरलेला पाव वापरणे सुरक्षित नाही. एकाच पाकिटातील एका कापाला बुरशी दिसली, तर शेजारचे कापही संशयास्पद समजून टाकून द्यावेत. बुरशी आलेला पाव नाकाजवळ नेऊन हुंगू नये, कारण तिचे बीजाणू श्वासावाटे आत जातात.

तळण्याने हा धोका टळत नाही. उकळत्या तेलात बुरशी मरते हे खरे आहे, परंतु काही बुरशींनी तयार केलेली विषारी द्रव्ये उष्णतेला दाद देत नाहीत. ॲस्परजिलस जातीच्या काही बुरशींपासून तयार होणारे ॲफ्लाटॉक्सिन हे त्यांपैकी एक असून ते तळणीच्या १७० ते १८० अंश तापमानाला पूर्णपणे नष्ट होत नाही. त्यामुळे साखर, वेलदोडा आणि तुपाचा वास यांच्या आड पावाचा दोष दडवता येईल, पण तो दूर करता येणार नाही.

खराबीचा दुसरा प्रकार आपल्या उष्ण व दमट हवेत विशेष आढळतो. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचे बीजाणू भट्टीतही तग धरतात आणि नंतर पावाच्या आत वाढू लागतात. असा पाव बाहेरून चांगला दिसतो. तोडल्यावर मात्र आत चिकट, ओलसर भाग लागतो, ओढल्यास बारीक तार निघते आणि अतिपिकलेल्या खरबुजासारखा वास येतो. असा पावही टाकूनच द्यावा.

पाकीटबंद ब्रेडबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्यात बुरशी रोखण्यासाठी कॅल्शियम प्रोपिओनेटसारखे परिरक्षक आणि मऊपणा टिकवण्यासाठी इमल्सिफायर घातलेले असू शकतात. म्हणून 'अजून मऊ आहे' हा ताजेपणाचा पुरावा नव्हे. पाकिटावरील तारीख पाहणे आणि प्रत्येक काप उजेडात दोन्ही बाजूंनी तपासणे हाच खात्रीचा मार्ग. पावसाळ्यात ही तपासणी रोज करावी.

रोमपासून स्पेनपर्यंत

दुधात भिजवून तळलेल्या पावाची सर्वांत जुनी परिचित कृती अपिसियस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोमन पाकग्रंथात आढळते. पांढऱ्या पावाची वरची साल काढावी, त्याचे मोठे तुकडे करून दुधात भिजवावेत, तळावेत आणि वरून मध ओतून वाढावेत, एवढीच ती कृती आहे. तीत अंडेही नाही. आजही हा पदार्थ मुळात याहून फारसा वेगळा झालेला नाही.

युरोपातील भाषांनी त्याला दिलेली नावे मोठी बोलकी आहेत. फ्रेंच लोक त्याला 'पें पेर्द्यू' म्हणतात, म्हणजे हातचा गेलेला पाव. जर्मन भाषेत तो 'आर्मे रिटर', म्हणजे गरीब सरदार. नावांत गरिबी असली तरी मध्ययुगीन कृतींतील अंडी, साखर आणि मसाले गरिबाच्या घरात सहज मिळणारे नव्हते. वाया जाणारा पाव आणि सणासुदीचे महाग जिन्नस यांची भेट या पदार्थात होत आली आहे.

स्पेनमध्ये त्याचे नाव 'तोरीहास'. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हुआन देल एन्सिना या स्पॅनिश कवी-संगीतकाराच्या रचनेत त्याचा उल्लेख येतो आणि तोही बाळंतिणीच्या संदर्भात. प्रसूतीनंतर शक्ती भरून यावी म्हणून दूध, अंडी व मध यांनी युक्त असा हा पाव दिला जात असे. शेजारच्या पोर्तुगालमध्येही त्याच्या अनेक नावांपैकी एकाचा अर्थ 'बाळंतिणीचे काप' असाच आहे. आपल्याकडील डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर यांमागील विचार दूरच्या देशातही वेगळ्या सामग्रीतून प्रकटलेला दिसतो.

पुढे तोरीहासचे नाते ख्रिस्ती धर्मातील उपवासकाळाशी आणि विशेषतः ईस्टरपूर्वीच्या पवित्र आठवड्याशी जडले. या काळात मांस वर्ज्य असल्याने दूध, अंडी व पाव यांपासून केलेला पोटभरीचा पदार्थ सोयीचा होता. आज त्या आठवड्यात माद्रिदमधील मिठाईच्या दुकानांत तोरीहासच्या थाळ्या भरलेल्या असतात. दुधाऐवजी वाइनमध्ये भिजवलेला प्रकारही तेथे लोकप्रिय आहे. मागणी इतकी, की खास तोरीहाससाठी भाजलेला पाव वेगळा विकला जातो. उरलेल्या पावाची सोय म्हणून जन्मलेल्या पदार्थासाठी आता नवा पाव भाजावा लागतो!

पोर्तुगालमध्ये हाच पदार्थ 'राबानादाश' या नावाने नाताळात होतो आणि ब्राझीलमध्येही नाताळच्या मेजवानीत त्याला स्थान आहे. स्पेनच्या पश्चिमेकडील एक्स्ट्रेमादुरा प्रांतात कापांऐवजी पावाचा चुरा वापरतात. चुरा अंड्यात मळून त्याचे लहान गोळे तळतात आणि दालचिनी-लिंबाच्या सालीच्या दुधात मुरवतात. त्यांना 'रेपापालोस' म्हणतात.

पाव आपल्याकडे आला तेव्हा

'पाव' हा शब्दच मुळी पोर्तुगीज 'पांव'वरून आला. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेल्यानंतर तेथे पाव भाजण्याची कला रुजली. आंबवण्यासाठी माडाची सुर वापरण्याची युक्ती हे गोव्याचे वैशिष्ट्य. पाव भाजून घरोघरी पोचवणारा पोदेर तेथील लोकजीवनाचा भाग झाला. मुंबईत पाव रुजवण्यात गोव्याहून आलेल्या बेकरांचा आणि पुढे इराणी बेकऱ्यांचा मोठा वाटा आहे. लादीपाव, ब्रून आणि कडक पाव ही त्यांचीच देणगी. कापलेला पाकीटबंद ब्रेड घरोघरी पोचण्यास १९६५ मध्ये स्थापन झालेल्या मॉडर्न बेकरीज या सरकारी कंपनीनेही हातभार लावला.

पावापासून मिष्टान्न करण्याची परंपरा भारतात घडली ती मुख्यतः हैदराबाद, लखनौ आणि दिल्लीत. हैदराबादेत पावाला 'डबल रोटी' म्हणतात, म्हणून तेथील पदार्थ 'डबल का मीठा'. लग्नाच्या आणि ईदच्या मेजवानीत त्याला मान असतो. उत्तरेतील 'शाही टुकडा' त्याचाच भाऊबंद. नावातच 'शाही' असल्याने तो शिळ्या पावाचा बनतो, हे पाहुण्याच्या ध्यानीमनीही येत नाही.

युरोपीय आणि भारतीय पद्धतींत एक मूलभूत फरक आहे. युरोपात पाव आधी भिजवतात आणि मग तळतात. आपल्याकडे तो आधी तुपात तळून मग पाक-दुधात भिजवतात. पहिल्या पद्धतीत काप बाहेरून खरपूस आणि आतून कस्टर्डसारखा मऊ होतो. दुसऱ्या पद्धतीत तो गुलाबजामसारखा रसरशीत होतो आणि दुसऱ्या दिवशी अधिक मुरतो. चुरा मळून तळण्याची तिसरी वाट तुटक्या तुकड्यांसाठी आणि कडांसाठी योग्य. या तिन्ही वाटांच्या कृती पुढे दिल्या आहेत. प्रमाण साधारण चार ते सहा जणांसाठी आहे.

तोरीहास

साहित्य : न कापलेल्या शिळ्या पावाचे २ सेंटिमीटर जाडीचे ८ काप, अर्धा लिटर दूध, ४ मोठे चमचे साखर, दालचिनीचा एक तुकडा, एका लिंबाची साल, २ अंडी, तळण्यासाठी तेल, वरून भुरभुरण्यासाठी ३ मोठे चमचे साखर व अर्धा चमचा दालचिनीची पूड.

कृती : दुधात साखर, दालचिनी व लिंबाची साल घालून मंद आचेवर उकळी आणावी. सालीचा फक्त वरचा रंगीत भाग घ्यावा, आतील पांढरा भाग कडू असतो. भांडे झाकून दूध कोमट होऊ द्यावे व गाळावे. पसरट ताटात काप मांडून त्यांवर दूध ओतावे. दोन दिवसांच्या पावाला प्रत्येक बाजूने मिनिट-दोन मिनिटे पुरतात. ब्रूनसारख्या कडक पावाला पाच मिनिटेही लागतात. काप जड वाटला पण उचलताना वाकून तुटला नाही, की भिजणे पुरेसे झाले. जाळीवर ठेवून जादा दूध निथळू द्यावे. फेटलेल्या अंड्यात बुडवून चांगल्या तापलेल्या तेलात दोन्ही बाजूंनी बदामी तळावे. गरम असतानाच दालचिनी-साखरेत घोळवावे. साखरेऐवजी पाण्यात सैल केलेला मध ओतला तरी चालतो.

पाकिटातील पातळ काप वापरायचे असल्यास ते दुधात केवळ १०-१५ सेकंद बुडवावेत.

रेपापालोस

साहित्य : शिळ्या पावाचा चुरा १५० ग्रॅम, ३ अंडी, अर्धा चमचा भरडलेली बडीशेप, चिमूटभर मीठ, तळण्यासाठी तेल, पाऊण लिटर दूध, ८० ग्रॅम साखर, दालचिनीचा तुकडा, लिंबाची साल.

कृती : अंडी फेटून त्यात मीठ, बडीशेप व चुरा मिसळावा आणि १५ मिनिटे झाकून ठेवावे. चुरा ओलावा शोषून घेईल. मिश्रण कोरडे वाटल्यास दुधाचा हबका मारावा, सैल वाटल्यास आणखी चुरा घालावा. चमच्याने सुपारीएवढे गोळे सोडून मध्यम आचेवर तळावेत. दुसऱ्या भांड्यात साखर, दालचिनी व साल घालून दूध उकळावे. त्यात तळलेले गोळे सोडून पाच-सात मिनिटे मंद आचेवर शिजू द्यावे. गोळे दूध पिऊन फुगतात. पदार्थ गार करून वाढण्याची पद्धत आहे.

पावाची गुळाची बोरे

अंडे न खाणाऱ्यांसाठी हा मराठी वळणाचा प्रकार. अंड्याचे बांधून ठेवण्याचे काम येथे केळे, रवा आणि कणीक मिळून करतात.

साहित्य : शिळा पाव १५० ग्रॅम (पाकिटातील साधारण ५-६ काप किंवा ४-५ लादीपाव), ८० ग्रॅम चिरलेला गूळ, अर्धी वाटी कोमट पाणी, एक पिकलेले केळे, २ मोठे चमचे बारीक रवा, ३ मोठे चमचे कणीक, एक चमचा खसखस, अर्धा चमचा वेलचीपूड, किंचित जायफळ, चिमूटभर मीठ, तळण्यासाठी तेल.

कृती : गूळ कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा. गूळ थेट गरम दुधात घातल्यास दूध फाटण्याची शक्यता असते, म्हणून येथे पाणीच बरे. पावाचे तुकडे गुळाच्या पाण्यात दहा मिनिटे भिजवून हाताने कुस्करावेत. पाव फारच कडक असल्यास दोन-तीन चमचे पाणी वाढवावे. त्यात कुस्करलेले केळे आणि इतर साहित्य घालून मिश्रण एकजीव करावे व १५ मिनिटे ठेवावे, म्हणजे रवा फुगतो. हाताला तेल लावून बोराएवढे किंवा थोडे मोठे गोळे करावेत आणि मध्यम ते मंद आचेवर तळावेत. गूळ आणि केळे यांमुळे रंग लवकर चढतो. आच मोठी ठेवल्यास बाहेरून करपून आत कच्चे राहते. प्रथम एकच बोर तळून पाहावे. ते फुटले तर चमचाभर कणीक वाढवावी. सोडा घालू नये. त्याने ही बोरे तेल अधिक पितात.

डबल का मीठा

साहित्य : ब्रेडचे ८ शिळे काप, तळण्यापुरते तूप, १५० ग्रॅम साखर, एक वाटी पाणी, पाऊण लिटर दूध, केशर, वेलचीपूड, काजू-बदामाचे काप.

कृती : काप तिरके अर्धे करून तुपात मंद आचेवर बदामी व कुरकुरीत तळावेत. साखर व पाणी उकळून चिकट पण तार न येणारा पाक करावा. त्यात केशर व वेलची घालावी. दूध आटवून निम्मे करावे. पसरट भांड्यात काप लावून प्रथम कोमट पाक व नंतर दूध ओतावे, झाकण ठेवून अगदी मंद आचेवर दहा मिनिटे मुरू द्यावे. वरून सुकामेवा घालावा. कमी तूप हवे असल्यास काप तूप लावून तव्यावर किंवा ओव्हनमध्ये खरपूस करून घेतले तरी चालते.

बिघडते कुठे?

तळण तेलकट होण्याचे मुख्य कारण म्हणजे पुरेसे न तापलेले तेल. भिजलेल्या कापासाठी तेल १७० ते १८० अंशांच्या दरम्यान हवे. थर्मामीटर नसल्यास पावाचा छोटा तुकडा टाकून पाहावा. तो लगेच वर येऊन अर्ध्या-पाऊण मिनिटात सोनेरी झाला, म्हणजे तेल तयार आहे. एका वेळी कढईत फार काप घातल्यास तापमान घसरते. दूध नीट निथळले नसेल तर तेल उडते, म्हणून ही पायरी वगळू नये. अंड्यात बुडवलेले काप तळण्याची वाट पाहत बाहेर ठेवू नयेत. ते लगेच तळावेत आणि आतपर्यंत शिजले असल्याची खात्री करावी.

लसूण, कांदा किंवा मसाल्याचा पाव या पदार्थांसाठी चालत नाही. लादीपाव व ब्रेडमध्ये मुळातच थोडी साखर असते, त्यामुळे ते लवकर तांबूस होतात. गव्हाच्या पावाचे काप मैद्याच्या पावापेक्षा लवकर तुटतात, त्यांना कमी भिजवावे.

काटकसरीचा हिशेब

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील सुमारे ६० टक्के घराघरांतून फेकले गेले होते. दुकाने आणि उपाहारगृहे यांचा वाटा त्यामानाने कमी होता. नासाडीचा प्रश्न आपल्या स्वयंपाकघरातील डब्यापाशी येऊन थांबतो, तो असा.

तरीही हिशेब प्रामाणिकपणे मांडायला हवा. चार काप वाचवण्यासाठी अर्धा लिटर दूध, दोन अंडी, साखर आणि कढईभर तेल खर्च करणे ही काटकसर नव्हे. पावाचे मोल या जिन्नसांत सर्वांत कमी आहे. घरात गोड काही करायचेच असेल आणि त्यासाठी नवा मैदा, रवा किंवा बाहेरची मिठाई आणण्याऐवजी उरलेला पाव कामी आला, तर ती खरी बचत. म्हणून उरलेले काप व कडा बर्फाच्या कप्प्यात एका डब्यात साठवत जावे आणि पुरेसे जमल्यावर, सणाच्या किंवा पाहुण्यांच्या निमित्ताने, एकदाच पदार्थ करावा. स्पेन-पोर्तुगालमध्येही तो सणालाच होतो. त्यात एक शहाणपण आहे, कारण मैदा, साखर आणि तेल यांचा हा संगम रोजच्या न्याहारीचा नाही. मधुमेह असणाऱ्यांनी तर याबाबत विशेष सावध राहावे.

काटकसर तळणीच्या तेलापर्यंतही नेऊ नये. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. घरात हे मोजता येत नाही. पण तेल काळसर व दाट झाले, त्याला फेस येऊ लागला किंवा धूर लवकर निघू लागला, की ते बदलणे इष्ट. तळण कमी करायचे असल्यास तव्यावर थोड्या तुपात शेकलेली तोरीहासही चांगली लागते.

ज्या दिवशी गोड करणे शक्य नाही, त्या दिवशीही शिळ्या पावाचा चुरा करून, तो ओव्हनमध्ये किंवा तव्यावर कोरडा भाजून हवाबंद बरणीत ठेवावा. कटलेटला लावण्यासाठी तो उपयोगी पडतो आणि पुढे बोरांसाठीही. घरच्या पोळीला आपण जो न्याय देतो, तोच विकतच्या पावालाही मिळायला हवा. त्यासाठी पाव उजेडात धरून नीट पाहण्याची सवय लावून घ्यावी. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी तो निःशंकपणे टाकावा. निव्वळ कडक झाला असेल, तर मात्र त्याला दूध दाखवावे.